चौदा ठिकाणी हजर असलेला माणूस

भालचंद्र निमकर ऊर्फ अण्णा यांनी आयुष्यातला शेवटचा पंचनामा घरच्या ओसरीवर, लुंगी-बनियनमध्ये बसून केला. बुधवार होता. बोरसांगवीच्या सार्वजनिक वाचनालयाला बुधवारी सुट्टी, म्हणून त्यांची मुलगी अनुपमाही घरीच होती. ती त्या वाचनालयाची ग्रंथपाल. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि संग्रामपूरपासून जळगाव जामोदपर्यंत तिच्याइतकं वाचलेलं दुसरं कोणी नाही असं लोक म्हणत. म्हणताना त्यांचा सूर मात्र एखाद्याला जुना दमा आहे असं सांगावं तसा असे.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. देवानंद हवालदारानं हँडलची पिशवी काढता काढता हाक दिली, "मास्तर, हायेत का घरात?"

"नाही बे, घटनास्थळी गेलोय," अण्णा ओसरीवरून म्हणाले.

दोघंही मनापासून हसले. हा त्यांचा जुना विनोद होता, आणि त्यात विनोद फारसा नव्हता.

गुन्ह्याच्या जागी पोलिसांनी काय पाहिलं, काय उचललं, याचा कागद होतो तो पंचनामा. त्यावर दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसांनी 'आमच्या डोळ्यांदेखत झालं' म्हणून सही करायची असते. कायद्याला अशी माणसं जागेवरच भेटतील असं वाटतं. प्रत्यक्षात पोलिसांची गाडी दिसली की जागेवरची माणसं शेताच्या दुसऱ्या बांधाला जातात. त्यामुळे बोरसांगवी ठाण्यानं सहा वर्षांपासून एक कायमचा पंच धरून ठेवला होता. निवृत्त पोस्टमास्तर, मोत्यासारखं अक्षर, कोर्टात आवाज न कापणारा. दुसरा पंच कोण, हे त्या दिवशी ठाण्यात कोणाचं काम अडलेलं आहे त्यावर ठरे.

सुरुवातीला अण्णा खरोखरच जात. उन्हातान्हात शिवारं तुडवत. मग गुडघे दुखायला लागले आणि घटनास्थळच ओसरीवर यायला लागलं.

"शेखरभाऊच्या संत्र्याच्या मळ्यातली मोटर गेली," देवानंद पाटावर बसत म्हणाला. "परवा राती. हे कापलेलं केबल. आन् हे."

त्यानं वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी सोडली. आत बिडीचं थोटूक होतं.

अण्णांनी चष्मा चढवला. "कुठं सापडलं हे?"

"इहिरीच्या काठावर लिवा."

"लिवा म्हंजे? सापडलं का लिवायचं?"

"आता काठावर नाही तं कुठं सापडन, मास्तर? चोर का बिडी प्याले घरी जाईन?"

हा युक्तिवाद अण्णांना पटला. त्यांनी अंगठा जिभेला लावून लिफाफ्यांच्या गठ्ठ्यातला एक लिफाफा सोडवला, त्याच अंगठ्या-तर्जनीत थोटूक उचलून आत टाकलं, लिफाफ्याच्या डिंकावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरवली आणि वर मूठ आपटली. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टेबलावरच्या ओल्या स्पंजाला हात लावला नव्हता. सरकारी पाण्यापेक्षा आपली थुंकी भरवशाची, असं ते म्हणत. मग त्यांनी झोकदार सही केली.

अनुपमा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. अण्णा सकाळपासून घरातच होते. कालही होते, परवाही. तिला हे आज कळलं असं नाही. सहा वर्षं ती असे ट्रे आणत होती. सत्य, न्याय, साक्ष या विषयांवरचं एक पूर्ण कपाट तिच्या ताब्यात होतं आणि त्यातलं बहुतेक तिनं वाचलं होतं. पण सही करताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे येई, ते तिनं निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हा ते दिवसाकाठी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन पोस्टमन आला का ते बघत, आणि पोस्टमन त्यांना चुकवून मागच्या गल्लीनं जाई. आता कोर्टाची तारीख असली की ते आदल्या संध्याकाळी सदऱ्याला स्वतः इस्त्री करत.

तरी त्या दिवशी ती एवढं बोलली: "अण्णा, विहीर कशी होती? दगडी की सिमेंटची?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "विहीर विहिरीसारखी."

देवानंद खो खो हसला. अनुपमानं ट्रे ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. अण्णा नळाशी खुर्ची टाकून पाणी भरायला बसले. थोड्या वेळानं शेजारच्या मनकर्णाबाई भिंतीवरून ओरडल्या, "अनुताई, पाणी रस्त्यावर चाललं ना वं! मास्तर झोपले का?" अण्णा झोपलेले नव्हते. बादली भरून वाहत होती आणि ते तिच्याकडे मान लववून, नीट बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल.

खांदा द्यायला पहिला देवानंद आला. रडलाही खरा. ठाण्यातून हार आला. अनुपमा रडली नाही. गावानं ते लक्षात ठेवलं आणि जास्त वाचण्याचे परिणाम म्हणून एकमेकांना सांगितलं. नोव्हेंबरात पेन्शनच्या कागदांत पोस्टाकडून छापील विचारणा आली: आपण हयात आहात किंवा कसे, ते कळवावे. तिनं सुवाच्य अक्षरात कळवलं, नाहीत. त्या एका शब्दाला तिला दोन दिवस लागले.

दिवाळीनंतर बोरसांगवीला नवे ठाणेदार आले. कुशल उमाळे. वय बत्तीस, केस नीट कापलेले, आणि जनुकीय तपास या विषयावर तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं. पहिल्या दोन दिवसांत त्यांना तिथं चहा चांगला मिळाला होता आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. आल्या आल्या त्यांनी मुद्देमालाची खोली उघडायला लावली आणि सहा वर्षांत न लागलेल्या सगळ्या गुन्ह्यांचे सीलबंद लिफाफे प्रयोगशाळेत धाडले. चिंध्या, दोऱ्या, कुलपं, बाटल्या, बकरीच्या गळ्यातली घंटा आणि ते थोटूक.

अहवाल आला तेव्हा ठाण्यात पेढे वाटले गेले. चौदा गुन्हे, चौदा लिफाफे, आणि चौदाही ठिकाणी एकाच अज्ञात पुरुषाचा डीएनए! ठाणेदारांनी त्याचं नाव 'अ-१' ठेवलं. वर्तमानपत्रांनी त्याला सातपुड्याचं भूत केलं. हा माणूस देवीच्या मंदिराची दानपेटी फोडत होता, बकऱ्या नेत होता, मोहाची दारू गाळत होता, वीजमंडळाच्या तारा कापत होता, आणि एकदा तर त्यानं एकाच दिवशी चाळीस किलोमीटर अंतरावर दोन गुन्हे केले होते. तज्ज्ञांच्या हवाल्यानं छापून आलं की तो पिळदार अंगाचा, डोंगर चढण्यात तरबेज आणि बहुधा मांसाहारी असावा. जूनपासून त्याच्या खुणा मिळायच्या थांबल्या होत्या. यावर ठाणेदार पत्रकारांना म्हणाले, "ठाण्याचा धाक बसलाय." मोटरी जूननंतरही चोरीला जातच होत्या. पण त्या अ-१ नं नेलेल्या नव्हत्या, ही मोठीच सुधारणा होती.

चौदापैकी तेरा लिफाफ्यांत अ-१ एकटा होता. बिडीच्या थोटकावर मात्र त्याच्या जोडीला आणखी एकाची लाळ निघाली. म्हणजे साथीदार. साथीदार सापडला की भूत सापडलं. तेव्हा ठाणेदारांनी नमुने गोळा करायला घेतले, आणि कुठून सुरुवात करायची याचा विचार करायची गरज कोणालाच वाटली नाही. डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती आहे. तिथल्या माणसांची नावं ठाण्याच्या रजिस्टरात त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली आहेत. पहाटे पाचला दोन गाड्या तिथं गेल्या. एकानं जबडा धरायचा, दुसऱ्यानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, तिसऱ्यानं संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा. 'मी स्वेच्छेने' असं त्यावर ठळक छापलेलं होतं. 'नाही' म्हणण्याची जागा छापायची तेवढी राहून गेली होती.

एकसष्ट पुरुषांत साथीदार म्हणून इंद्रभान निघाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला अटक झाली. ठाणेदार वर्तमानपत्रात म्हणाले, "माणूस खोटं बोलतो. विज्ञान खोटं बोलत नाही."

अनुपमानं ती बातमी वाचनालयात, वर्तमानपत्रं बांबूच्या काठीला लावता लावता वाचली. 'विहिरीच्या काठावर सापडलेले बिडीचे थोटूक'. ती त्या ओळीशी थांबली. मग तिनं काठी खिळ्यावर अडकवली आणि दिवसभर पुस्तकांची देवाणघेवाण केली. एक वही मात्र तिनं दोनदा चुकीच्या ठिकाणी ठेवली.

चार दिवसांनी इंद्रभानची बायको पंचफुला वाचनालयात आली. गावात ज्यांना लिहिता येत नाही त्यांना अनुपमा अर्ज लिहून देई, हे तिला बाजारात कोणीतरी सांगितलं होतं. ती बोरं विकायची. आताही टोपली डोक्यावरच होती.

"अर्ज लिवून पाह्यजे, बाई. ठानेदारसायबाले."

"काय लिहायचं?"

"लिवा का मालकाले तो अ-एक माहीत नाही. रोज विचारते, कोन हाय तो, सांग. आता माहीतच नाही तं माणूस काय सांगन? परवा मारानं त्यानं एक नाव सांगतलं. ते निघालं त्याच्या मेलेल्या मामाचं. तं अजून मारलं."

अनुपमानं पेन टेकवलं. "बिडी ओढतो का तो?"

"वढते ना. गुरवारी हजेरी राह्यते त्याची ठान्यात. सकायपासून निंबाखाली बसवते, सही संध्याकाळी घेते. दुसरं काय करन मंग? बंडल खपते. तिथं त्याच्या थोटकाईचा सडा हाय. कोनी बी उचलावं." मग आवाज खाली आणत ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. एक सांगा. ते थुकीतून सगळं कळते म्हनते. तं थुकी कुठं सांडली हेही कळत असन ना तिले?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "ते नाही कळत. ते माणसानं सांगावं लागतं."

तिनं उत्कृष्ट अर्ज लिहिला. त्यात दोन कायद्यांचे उल्लेख होते, मानवी प्रतिष्ठेवर एक वाक्य होतं, आणि तिला ठाऊक असलेली एक गोष्ट सोडून सगळं होतं. पंचफुलानं त्याची घडी पदरात बांधली आणि मूठभर बोरं टेबलावर ठेवली. अनुपमाला ती खाता आली नाहीत. टाकूनही देता आली नाहीत.

पायथ्याच्या वस्तीतली शोधमोहीम संपली तरी अ-१ सापडेना. वर्तमानपत्रं विचारू लागली की फक्त गरिबांचेच नमुने का. तेव्हा ठाणेदारांनी प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात 'प्रतिष्ठितांचं स्वेच्छा डीएनए शिबिर' ठेवलं. ते पहाटे पाचला नव्हतं, सकाळी अकराला होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये मांडव घातला, 'मी दिला, तुम्ही?' अशी फोटो काढण्याची चौकट उभी केली, बुंदीचे लाडू ठेवले. एकतीस नावं आली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून योगिनी नावाची एक चुणचुणीत तंत्रज्ञ नमुने घ्यायला आली होती.

वाचनालयाचे अध्यक्ष उकंडराव यांचं कृषी केंद्र होतं. त्यांनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "मॅडम, याच्यात शुगर पण कळते का?"

"शुगर नाही कळत, काका," योगिनी उत्साहानं म्हणाली. "पण कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा भाऊ, हे अगदी अचूक कळतं. लपूच शकत नाही."

मग एकाला दूध गॅसवर राहिल्याची आठवण झाली. माजी सरपंचांना तातडीनं खामगावला जायचं होतं. तिघा भावांनी एकमेकांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आजोबांच्या वयाच्या घड्याळाकडे बघितलं, आणि उशीर झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. उकंडराव दुकानाची किल्ली शोधायला गेले ते लाडवांच्या वेळेलाच उगवले. एकतीसातले अकरा उरले.

"अनुताई, तुमी तरी द्या," उकंडराव कपाळ पुसत म्हणाले. "वाचनालयाची इज्जत राहीन. तुमाले काय भ्याव? तुमचं घर म्हंजे धुतला तांदूळ."

अनुपमा खुर्चीवर बसली आणि तिनं तोंड उघडलं. काडी गालाच्या आत दोनदा फिरली. कोणी जबडा धरला नाही. वर लाडू मिळाला.

मार्चमध्ये एका रविवारी ठाणेदार कुशल उमाळे साध्या कपड्यांत घरी आले. सोबत देवानंद होता. ठाणेदारांनी बूट फाटकापाशीच काढले, ओसरीवर बसण्याआधी परवानगी विचारली, आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी घेतला. अनुपमाच्या मनात आलं, वस्तीत जातानाही हे बूट काढतात का, ते विचारावं.

"मॅडम, जरा नाजूक आहे," ते म्हणाले. "तुमचा अहवाल आला. अ-१ सापडलाय."

"कोण आहे?"

ठाणेदारांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. चंदनाच्या हारातून अण्णा त्यांच्याकडे बघत होते, कोर्टाच्या तारखेच्या सदऱ्यात. "अहवालाप्रमाणे... तुम्ही त्यांची मुलगी आहात."

अनुपमानं शांतपणे विचारलं, "कितपत खात्री आहे?"

"नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. पुढेही बरेच नऊ आहेत."

"म्हणजे देवीची दानपेटी अण्णांनी फोडली?"

"छे छे! मॅडम!"

"आणि बकऱ्या? बकरी दिसली तर ते रस्ता बदलायचे. शिंग मारेल म्हणून."

"मॅडम, काहीतरी तांत्रिक घोटाळा असणार. एवढं सज्जन घर..."

"इंद्रभानच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, विज्ञान खोटं बोलत नाही."

"बोलत नाहीच," ठाणेदार कळवळून म्हणाले. "पण ते कोणाबद्दल बोलतंय, हेही पाहावं लागतं ना, मॅडम!"

देवानंद इतका वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. आता त्यानं घसा साफ केला. "सायेब, मास्तर थुकी लावत. पाकिटाले, चिठ्ठीले, बोटाले बी. मी कैकदा पाह्यलं."

ठाणेदारांना कळायला थोडा वेळ लागला. चार महिने ज्या भुतामागे त्यांनी डोंगर विंचरला, दोन बक्षिसं जाहीर केली, जिल्ह्याला सादरीकरण दिलं, ते भूत म्हणजे पोस्टातली एक सवय होती. त्यांचा चेहरा उतरला. पण प्रशिक्षण वाया जात नाही. उतरलेला चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"थांबा," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या लक्षात येतंय का? बचावाचे वकील नेहमी आरडाओरडा करतात, पंच जागेवर नव्हतेच, पोलिसांचे ठेवणीतले पंच आहेत. आता म्हणावं! चौदाच्या चौदा घटनास्थळी निमकर साहेबांचा डीएनए. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ! ते तिथे हजर होते, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. असा पंच महाराष्ट्रात नाही."

देवानंद आ वासून बघत राहिला. मग त्यानं खाली मान घातली.

"त्यांचा मरणोत्तर सत्कार करू," ठाणेदार म्हणाले. "आदर्श पंच. महाराष्ट्र दिनाला."

"आणि इंद्रभान?"

"तो वेगळा विषय आहे. त्याची लाळ थोटकावर आहे, थोटूक विहिरीवर सापडलंय, आणि सापडलं तेव्हा तुमचे वडील समोर होते. फक्त ते आता साक्षीला येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची सही ओळखायला घरच्या कोणीतरी कोर्टात यावं लागेल. दोन मिनिटांचं काम. ही सही वडिलांची का? हो. झालं."

जाताना देवानंद मुद्दाम मागे रेंगाळला. "ताई," तो हळूच म्हणाला, "मास्तर देवमाणूस होते. त्याईचं नाव झालं पाह्यजे. मलेबी दोन वर्सं राह्यली रिटायर व्हायले."

"थोटूक कुठून उचललं होतं, देवानंद?"

तो गाडीकडे वळला. गाडीला किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला.

अ-१ चं गूढ उकलल्याचं वर्तमानपत्रात आलं. कर्तव्यदक्ष पंचाच्या अखंड उपस्थितीमुळे, असं. मग पंचफुला धावत वाचनालयात आली. या वेळी टोपली नव्हती.

"बाई, तो अ-एक सापडला म्हनते! चांगल्या घरचा होता, आन् त्यानं काहीच केलं नव्हतं म्हनते."

"हो."

"मंग आता सोडतीन ना मालकाले?"

अनुपमासमोर दिवसाच्या नोंदींची वही उघडी होती. तिनं ती मिटली, पुन्हा उघडली. "माहीत नाही," ती म्हणाली. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच एखाद्या अडाणी बाईशी खोटं बोलली, आणि तेही इतक्या सफाईनं की तिला अण्णांची आठवण झाली.

महाराष्ट्र दिनाला सत्कार झाला. शाल आणि नारळ अनुपमानं घेतले. उकंडरावांनी भाषणात सांगितलं की मास्तर जिथं जात तिथं जीव ओतत, हे आता प्रयोगशाळेनंही मान्य केलं आहे. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिनं शाल फोटोखालच्या टेबलावर ठेवली. अण्णांना हे सगळं किती आवडलं असतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. त्यांनी मनकर्णाबाईंना भिंतीवरून तीनदा ऐकवलं असतं, आणि तिसऱ्या वेळी विहिरीचं वर्णनही केलं असतं. तिला हसू आलं. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती रडली, बराच वेळ, शाल तोंडाशी धरून. वडील गेले म्हणून आणि वडील असे होते म्हणून, दोन्ही रडणी एकदमच आली. त्यांना वेगळं करणं तिला जमलं नाही.

आरोपी आठ महिने आत असल्यामुळे खटला सप्टेंबरात बोर्डावर आला. तालुक्याच्या कोर्टात दुपारी अनुपमाचा पुकारा झाला. इंद्रभानला तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पिंजऱ्यात एक मध्यम वयाचा, बारका माणूस उभा होता. त्याचा डावा हात कोपरापासून नीट सरळ होत नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता. न्यायाधीशांच्या टेबलावरच्या पंख्यानं उडणाऱ्या कागदांकडे बघत होता. मागच्या बाकावर पंचफुला होती.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला. "ही सही ओळखता का?"

अनुपमानं बघितलं. झोकदार, उजवीकडे चढत जाणारी, खाली दोन टिंबं. लहानपणी प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची आणि तिला तिचा फार अभिमान वाटायचा.

"ओळखते. माझे वडील भालचंद्र गोविंद निमकर यांची आहे."

"बस. एवढंच, सर."

आरोपीला मोफत मिळालेल्या तरुण वकिलाला त्या दिवशी आणखी दोन कोर्टांत पळायचं होतं. त्यानं अर्धवट उठून म्हटलं, "उलटतपास नाही."

न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगू लागले. शिपायानं तिला उतरायची खूण केली. ठाणेदार दाराशी उभे होते. त्यांनी आदरानं वाट मोकळी केली.

अनुपमा उतरली नाही.

"साहेब, मला अजून सांगायचंय."

"विचारलं तेवढंच सांगायचं असतं, बाई," न्यायाधीश म्हणाले. मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तरुण वकिलाकडे पाहिलं. "बरं. सही खरी आहे की नाही?"

"सही खरी आहे. पण माझे वडील विहिरीवर गेले नव्हते. त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. हा पंचनामा आमच्या ओसरीवर झाला. थोटूक हवालदार कागदाच्या पुडीतून घेऊन आले. कुठं सापडलं असं वडिलांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, विहिरीच्या काठावर लिहा. मी तिथं उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय."

सरकारी वकील उभे राहिले. तरुण वकीलही आता पूर्ण उभा राहिला. इंद्रभाननं मान वर केली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," न्यायाधीश म्हणाले. "एक माणूस आठ महिने आत आहे. तुम्हाला हे माहीत होतं, तर आजपर्यंत बोलला का नाहीत?"

अनुपमाकडे तयारी करून आणलेली वाक्यं होती. साक्षीदाराच्या कर्तव्याविषयी होती, शास्त्राच्या मर्यादेविषयी होती. त्यातलं एकही तिला सापडलं नाही.

"अण्णांना वाईट वाटलं असतं म्हणून," ती म्हणाली. "ते होते तोवर त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि गेल्यावरही तेच. या माणसाला काय वाटत असेल, ते मी मनात येऊच दिलं नाही."

लेखनिकानं विचारलं, "साहेब, हे घ्यायचं का?"

"घ्या," न्यायाधीश म्हणाले. "सगळं घ्या."

तिनं पुन्हा त्या कागदाकडे बघितलं, त्या चढत जाणाऱ्या सहीकडे, आणि कोर्टात कोणाशी बोलतोय हे विसरून, पण आवाज न चढवता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतकं स्पष्ट ती बोलली:

"अण्णा, तुम्ही खोटी सही केलीत. आणि मी तुम्हाला करू दिली."